व्होव्हिनाम शिकतोय. एक प्रश्न: फायटिंग गेम्समध्ये व्हिएतनाम कुठं आहे?

सायगावकर:

मंडळी, नमस्कार. कंपनीच्या कामानं दीड वर्ष झालं, हो ची मिन्ह शहरात आहे. इथली माणसं बोलताना अजून सायगॉनच म्हणतात, म्हणून हा आयडी. पुण्यात रोज संध्याकाळी टेकडी व्हायची. इथं टेकडी नाही, आहे तो घाम आणि दुचाक्यांचा लोंढा. शेवटी ऑफिसातल्या एका पोरानं धरून नेलं ते थेट व्होव्हिनामच्या वर्गात. वय ३५, शाळेत कराटेचा पिवळा पट्टा मिळाला होता, तेवढीच शिदोरी.

नाव ज्यांना नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. 'व्हो' म्हणजे युद्धविद्या आणि पुढं व्हिएतनाम, दोन्ही जोडून व्होव्हिनाम. न्गुयेन लोक यांनी १९३८ मध्ये हनोईत ही पद्धत बांधली, तेव्हा ते जेमतेम २६ वर्षांचे. फ्रेंचांचं राज्य होतं. गावोगावची जुनी विद्या, तिथली कुस्ती आणि बाहेरून आलेलं जे कामाचं वाटलं ते, असं सगळं घेऊन त्यांनी तरुण पोरांसाठी अभ्यासक्रम केला. १९३९ मध्ये हनोईच्या ऑपेरा हाउसमध्ये पहिलं जाहीर प्रात्यक्षिक झालं. १९५४ ला देशाची फाळणी झाल्यावर ते दक्षिणेत आले, १९६० मध्ये वारले. त्यानंतर २०१० पर्यंत त्यांचे शिष्य ले सांग यांनी सगळं सांभाळलं. मूळ गादी म्हणावी अशी वास्तू दहाव्या जिल्ह्यात सू व्हान हान रस्त्यावर आहे. (२०२५ पासून जिल्हे रद्द झालेत, पण पत्ता सांगताना लोक अजून दहावा जिल्हाच म्हणतात.)

गणवेश निळा. पट्ट्यांची चढण आपल्याला उलटी वाटेल: फिकट निळ्यापासून सुरुवात, मग गडद निळा, पिवळा, लाल, आणि पांढरा सगळ्यात वर. नमस्कार करताना उजवा पंजा छातीवर, हृदयावर ठेवायचा. अर्थ असा की हात पोलादी, पण मन दयाळू.

खरी ओळख मात्र कात्रीची. इथं 'दोन चन' म्हणतात. धावत यायचं, उडी मारायची, दोन्ही पाय समोरच्याच्या कमरेला नाहीतर मानेला कात्रीसारखे लावायचे, हवेतच अंग पिळायचं, आणि दोघंही जमिनीवर. असे पायाचे २१ हल्ले आहेत आणि त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. सर ओरडतात, "सात नंबर!" की सात नंबर.

इथं माझ्यातला जुना गेमर जागा झाला. अकरावीत क्लास बुडवून पार्लरमध्ये टेकन ३ (दोन पात्रांच्या मारामारीचा गेम) खेळण्यात किती पैसे घातले ते आईला अजून माहीत नाही. नंबर दिलेले २१ हल्ले. शिवाय 'च्येन लुओक' म्हणून ठोसे-लाथांच्या ठरलेल्या ३० मालिका, त्यांनाही नंबर. प्रत्येक हल्ल्यावरची सोडवणूक वेगळी पाठ करायची. अहो, ही तर छापील मूव्हलिस्ट झाली, गेममधल्या पात्राच्या डावांची यादी! मग इतक्या वर्षांत एकाही गेमवाल्याला हे दिसलं कसं नाही? कराटे, कुंगफू, मुए थाई, काप्युएरा, सांबो, सगळे आहेत. व्हिएतनाम कुठं आहे?

नूतन_वाचक:

छान लिहिलंय. वाचतोय. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

मिरजेचा_मल्ल:

लेख आवडला. सोडवणुकीला आमच्यात 'तोड' म्हणतात. ज्या डावाला तोड नाही तो डाव अजून जन्माला यायचाय. कैची आमच्याकडंही मारतात, पण खाली, जमिनीवर. उडी मारून मानेला पाय? मला एवढंच सांगा, समोरचा उभा राहून वाट बघत बसतो का? व्हिडिओत बघितलं, तर पडणारा आधीच पडायला तयार दिसतो.

आणि ज्युदोत ही उडती कात्री बंद आहे. १९८० मध्ये जपानच्या स्पर्धेत यामाशिता यासुहिरो यांचा पाय याच डावानं मोडला होता. यामाशिता म्हणजे साधा माणूस नव्हे, पुढं १९८४ ला ऑलिंपिक सुवर्ण घेतलं त्यांनी. त्यांचा पाय मोडतो तिथं तुमचं ऑफिसवालं गुडघं काय टिकणार?

फ्रेमडेटा:

सायगावकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे, पण ते ऐकून तुम्हाला राग येणार.

किंग ऑफ फायटर्स १४, साल २०१६. त्यात 'लुओंग' नावाची बाई आहे, जन्म व्हिएतनाम. किम या जुन्या पात्राच्या टीममध्ये. पुढं २०२२ च्या १५ मध्येही आली, तिथं ब्लू मेरी आणि व्हनेसाबरोबर. आता तिची शैली ओळखा.

तायक्वांदो.

सायगावकर:

काय सांगता!! एक मिळाली आणि तीही दुसऱ्याच्या घरात नांदायला गेलेली?

फ्रेमडेटा:

तिथं एसएनकेचं, म्हणजे हा गेम काढणाऱ्या कंपनीचं, गणित साधं होतं. किम काफ्वान १९९२ च्या फेटल फ्युरी २ पासून आहे. कोरियात त्याला चाहते, तायक्वांदोच्या लाथांचं अॅनिमेशन हातात तयार. नवी बाई आणायची तर त्याच घराण्यात बसवा, म्हणजे टीमही जमते. व्हिएतनाम हा पासपोर्टपुरता.

शैली जुनी आहे, खरी आहे, हे गेमला बघायचंच नसतं. लांबून, एका नजरेत, 'हा कोण' हे कळलं पाहिजे. टेकन ३ मधला काप्युएरावाला एडी गॉर्डो का गाजला? पार्लरमध्ये काप्युएरा हा शब्द कुणाला ठाऊक होता? पण तो उभा राहिला तरी डोलायचा. नुसती बटणं बडवली तरी काहीतरी भारी घडायचं. आणि त्यामागं मेहनत होती: टेकन ३ साठी काप्युएराचे उस्ताद मार्सेलो परेरा यांना अंगाला सेन्सर लावून नाचवलं होतं. व्होव्हिनामला असा एक दिवस कुणी दिलाच नाही.

चौकस_चिमणी:

एक मिनिट हं. तायक्वांदो म्हणजे 'दुसऱ्याचं घर' हे मला पटलं नाही. व्हिएतनामला ऑलिंपिकमधलं पहिलं पदक कशात मिळालं? तायक्वांदोत. सिडनी २०००, त्रान हिएउ न्गान, ५७ किलो गट, रौप्य. १९६० च्या दशकात दक्षिण कोरियाच्या लष्करी प्रशिक्षकांनी तिथं ते रुजवलं. आज गल्लोगल्ली शिकवतात. मग व्हिएतनामी बाई तायक्वांदो खेळते यात खोटं काय? उलट 'व्हिएतनामी आहेस ना, मग पारंपरिकच काहीतरी कर' हा आग्रह जास्त खटकतो. स्ट्रीट फायटरमधला आपला भारतीय ढालसिम आठवा. १९९१ पासून गळ्यात कवट्या घालून, हात रबरासारखे लांबवत, तोंडातून आग ओकतोय. योगाच्या नावाखाली! परंपरा मिळाली आपल्याला, काय उपयोग झाला?

सायगावकर:

चिमणीताई, शंभर टक्के मान्य. माझ्या वर्गातल्या दोन पोरी आधी तायक्वांदोच करायच्या, त्यांच्या लाथा बघून मी मागं सरकतो. 'दुसऱ्याच्या घरात' हे शब्द मागे घेतो. तरी हळहळ आहेच. एकच जागा होती हो.

मल्लसाहेब, तुमचा प्रश्न पहिल्या दिवशी मलाही पडला होता. उत्तर असं, की पहिले दोन महिने मला कात्री शिकवलीच नाही. नुसतं पडायला शिकवलं. पुढं पडा, मागं पडा, कुशीवर पडा, हनुवटी छातीला चिकटवा, तळहात जमिनीवर सपकन आपटा, श्वास सोडा. रोज अर्धा तास. घरी येऊन बायकोला म्हटलं, पैसे भरून पडतोय. मग लक्षात आलं, की कात्री मारणाऱ्यापेक्षा झेलणाऱ्याचं काम अवघड. त्यानं अंग ताठ ठेवलं की गुडघा गेला, कुणाचा तरी. तेव्हा हो, प्रात्यक्षिकातला पडणारा तयार असतो. तो तयार नसेल तर प्रात्यक्षिक रुग्णालयात संपेल. सामन्यात मात्र कुणी वाट बघत नाही. ग्लोव्हज, हेडगार्ड, छातीला कवच असतं आणि कात्री लागते क्वचित. लागली की सगळा हॉल ओरडतो. बाकी वेळ ठोसे, लाथा आणि ढकलून पाडणं.

मिरजेचा_मल्ल:

आता बोललात मुद्द्याचं. आमच्या वस्तादांनी पण आधी माती उकरायला लावली होती सहा महिने. डाव नंतर.

फ्रेमडेटा:

गेममध्येही पडायला शिकावं लागतं हं. जमिनीला अंग लागताच योग्य क्षणी बटण दाबलं तर लोळण घेऊन उठता येतं. नवशिक्या तिथंच मरतो, कारण तो पडला की हात बटणांवरून काढून कपाळाला लावतो.

कात्री गेममध्ये कशी बसेल यावर काल रात्री उगाच डोकं चालवलं. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची ६० चित्रं धरा. टेकनमध्ये बहुतेकांचा सगळ्यात जलद ठोसा १० फ्रेमचा, म्हणजे सेकंदाचा सहावा हिस्सा. धावत येऊन मारलेल्या कात्रीला मी २४-२५ तरी देईन. समोरच्याला दिसली पाहिजे आणि दिसूनही घाबरून चुकली पाहिजे. लागली तर मोठं नुकसान. हुकली तर मारणारा पाठीवर उताणा, फुकटात मार खा. टेकनमधल्या ड्रागुनोव्हच्या सांबोत जमिनीवरची झटापट आहे, लुचाडोर (मेक्सिकन मुखवटेवाले पहिलवान) आहेत ते उड्या मारतात. पण 'पळत येणं हीच धमकी' असं पात्र आत्ता तरी आठवत नाही. आणि मूव्हलिस्टमध्ये नावंच ठेवायची नाहीत, फक्त १ ते २१. पार्लरमधली पोरं आपणच ओरडतील, "सात मार सात!"

अडचण अॅनिमेशनची. ठोसा एकट्या कलाकारावर टिपता येतो. इथं पाडणारा आणि पडणारा दोघं हवेत, दोघांची अंगं एकमेकांत अडकलेली, आणि पडणारा कधी दीडशे किलोचा पहिलवान तर कधी शाळकरी मुलगी. प्रत्येक जोडीला पाय कुठं बसतो ते बघायचं. खर्च आहे राव.

बोरीबंदर:

व्हिएतनाम हा छत्रपती शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्यानं अमेरिकेशी लढला हे धाग्यात कुणीच कसं लिहिलं नाही? त्यांचे राष्ट्राध्यक्ष स्वतः म्हणाले होते. फॉरवर्ड आहे माझ्याकडे, टाकू का?

सायगावकर:

बोरीबंदर साहेब, तो फॉरवर्ड मला दर महिन्याला एकदा येतो. त्याला आधार असलेला कागद आजवर एकानंही दाखवला नाही. महाराजांना अशा प्रमाणपत्राची गरज नाही आणि या लोकांनाही गनिमी कावा शिकायला बाहेर जावं लागलं नसावं, हजार-दोन हजार वर्षं शेजारी चीन आहे. खाली येतोच त्यावर.

आजीचा_दांडपट्टा:

मी कोल्हापूरची, मर्दानी खेळ शिकते. लाठी, बनाटी, आता दांडपट्ट्यावर आले आहे. व्होव्हिनाम १९३८ चं म्हणजे तसं नवंच म्हणायचं. त्याआधीचं काय? काठी आहे का? आणि बायका?

सायगावकर:

ताई, या प्रश्नासाठीच जणू मी मागच्या महिन्यात रात्रीची गाडी पकडून गेलो होतो!

काठी म्हटलं की बिन्ह दिन्ह. मध्य किनाऱ्यावरचा प्रांत (२०२५ मध्ये तो झिया लाय प्रांतात विलीन केला, लोकांना अजून सवय नाही). क्वी न्योन हे त्याचं समुद्राकाठचं शहर. तिथून सुमारे ४५ किलोमीटर आत ताय सन. १७७१ मध्ये इथल्या तीन भावांनी उठाव केला: न्याक, ह्वे आणि लू. आडनाव न्गुयेन. यातला न्गुयेन ह्वे पुढं क्वांग त्रुंग या नावानं सम्राट झाला. १७८९ च्या नववर्षाला, म्हणजे इथल्या तेतला, चिनी छिंग फौजा हनोईत निवांत सण साजरा करत बसल्या असताना त्यानं दक्षिणेतून धडक मारली आणि पाचव्या दिवशी शहर घेतलं. आपल्याकडं तेव्हा महादजी शिंदे दिल्लीत बस्तान बसवत होते, म्हणजे काळ समजेल. (बोरीबंदर साहेब, गनिमी काव्याचं घरचं उदाहरण हे.)

ह्वेचा भाऊ लू याच्या नावावर 'हुंग के क्वेन' आहे, झुंजीच्या कोंबड्याची मूठ. कोंबड्यांच्या झुंजी बघताना त्याला दिसलं की लहान कोंबडा मोठ्याच्या पोटाखाली शिरून, बगल देऊन, टुणकन उडून डोळ्यावर चोच मारतो. त्यावरून हा फॉर्म बसवला अशी परंपरा सांगते. बघितला मी. बोटं चोचीसारखी, एका पायावर उभं राहणं, मान तिरकी. पहिल्यांदा हसू आलं. मग एक साठीतले गृहस्थ तसेच उभे राहिले आणि हसू गेलं.

आता बायका. तिथं एक लोकगीत सगळ्यांच्या तोंडी आहे. अर्थ असा, की बिन्ह दिन्हला कुणी जाल तर बघा, तिथल्या पोरी काठी फिरवतात नि मूठ चालवतात. काठीला ते 'रोय' म्हणतात. उत्तरेकडं रोय म्हणजे मास्तरांची छडी किंवा चाबूक, इथं मात्र पुरुषभर उंचीचा सोटा. थ्वान त्रुएन गाव रोयसाठी प्रसिद्ध, आन थाय गाव मुठीसाठी. आणि ताय सन सैन्यात बुइ थी स्वान नावाची सेनापती होती, हत्तीदळ तिच्या हाताखाली. १८०२ मध्ये ताय सन हरले, तिला मारलं, आणि मग ताय सन हे नावही उच्चारायची चोरी झाली. विद्या घराघरांत, देवळांत लपून राहिली असं तिथं सांगतात. लाँग फुओक नावाच्या विहारात भिक्खू आजही पोरांना शिकवतात.

क्वांग त्रुंग संग्रहालयात रोज प्रात्यक्षिक असतं. मला सगळ्यात काय आवडलं सांगू? ढोल. एका बाईपुढं १२ ढोल मांडलेले, बारा राशींचे प्राणी धरून बारा. ती दोन काठ्यांनी सगळे एकटीनं वाजवते आणि मध्येच कोपरानंही मारते. आपल्या गणपतीतल्या पथकांना दाखवायला हवी. पुढं काठीवाले आले ते मला फिके वाटले, हे खरं सांगतो. पर्यटकांसमोर रोज करून करून हात यंत्रासारखे झालेत. खरी काठी दुसऱ्या दिवशी एका घराच्या अंगणात बघितली, आजोबा आणि नात. फिरवणं जवळजवळ नाहीच. टोक सरळ समोर, अर्धा पाऊल पुढं, एक टोचा, संपलं.

आजीचा_दांडपट्टा:

शेवटच्या दोन ओळींसाठी हा धागा वाचला असं समजते. आमचे वस्ताद हेच म्हणतात, फिरवणं गर्दीसाठी. मोकळं रान करायचं असेल तेव्हा. एका माणसासाठी टोक पुरतं. पण शिवजयंतीला टोचा कोण बघणार?

फ्रेमडेटा:

आणि गेममध्ये तर मुळीच कोण बघणार! अर्धा पाऊल आणि एक टोचा हे जिंकण्यासाठी सर्वोत्तम आणि विकण्यासाठी सर्वात वाईट. तसं पात्र ऑनलाइन भेटलं की लोक गेम बंद करतात.

चौकस_चिमणी:

अवांतर: व्हिएतनाममध्येच एवढे प्रोग्रॅमर आहेत, ते स्वतः का बनवत नाहीत?

सायगावकर:

अवांतर कसलं, हाच मुद्दा आहे. ऑफिसातल्या पोरांना विचारलं. त्यांच्या लहानपणीचं वेड म्हणजे 'व्हो लाम त्रुएन की', २००५ मध्ये व्हिनागेमनं आणलेला ऑनलाइन गेम. मूळ चिनी, किंगसॉफ्टचा. म्हणजे अख्खी पिढी नेट कॅफेत बसून चिनी पंथांची कुंगफू विद्या शिकत मोठी झाली. शाओलिनचे डाव त्यांना तोंडपाठ, बिन्ह दिन्ह फक्त शाळेच्या सहलीपुरतं. व्हिनागेमनं पुढं इथल्याच इतिहासावरही एक गेम केला, तो टिकला नाही. हनोईच्या एका कंपनीनं २०११ मध्ये '७५५४' काढला, म्हणजे ७ मे १९५४, दिएन बिएन फूचा विजय. पण तोही बंदुकांचा. व्हिएतनाम म्हटलं की जगाला हेलिकॉप्टर आणि भातखाचरं दिसतात, आणि घरच्यांनीही बंदूकच उचलली.

मजा म्हणजे एफपीटी विद्यापीठात व्होव्हिनाम सक्तीचं आहे. आयटी शिकायचं तर निळा गणवेश घालायचाच. माझ्या टीममधली तिघं तिथली. दिवसा कोड लिहितात, आणि सात नंबर म्हटलं की अजून पाय उचलतो म्हणतात. आता यांच्यातल्या कुणाला तरी नाद लागायला हवा. फायटिंग गेमचं वेड इथं तसं कमीच, कॅफेत बघावं तर सगळे पाच-पाच जणांच्या टीम करून खेळतात. एकास एक हरायला कुणाला आवडतं?

बोरीबंदर:

माहिती चांगली आहे. फॉरवर्ड तूर्त टाकत नाही.

नूतन_वाचक:

पुण्या-मुंबईत कुठं शिकवतात का हे? मुलगा ९ वर्षांचा आहे.

सायगावकर:

भारतात व्होव्हिनामच्या स्पर्धा होतात, आपली पोरं बाहेरही खेळायला जातात. वर्ग निवडताना एकच बघा: पहिल्या आठवड्यात उडती कात्री शिकवत असतील तर मुलाला घेऊन सरळ घरी या.

(तीन आठवड्यांनी)

सायगावकर:

धागा वर काढतोय, माफी असावी. परीक्षा झाली. पास. उजवा गुडघा सुजलाय, मल्लसाहेबांनी हसू नये. सरावात जोडीदारानं घाई केली, मी ताठ राहिलो, चूक निम्मी माझी.

सांगायचं होतं ते वेगळंच. परीक्षेनंतर सगळे फूटपाथवर ठेंगण्या स्टुलांवर बर्फाचा चहा पीत बसलो होतो. मी मोबाइलवर सरांना लुओंगचा व्हिडिओ दाखवला. म्हटलं, बघा, तुमच्या देशाची. सर साठीचे, गेम कधी खेळलेले नाहीत. दोन फेऱ्या त्यांनी चष्मा वर करून नीट बघितल्या. मला वाटलं, तायक्वांदो बघून चिडतील. म्हणाले, लाथ चांगली आहे, कंबर उशिरा वळते.

मग मला विचारलं, "लुओंग हे तर आडनाव झालं. पोरीचं नाव काय?"

फ्रेमडेटा, आहे का कुठं लिहिलेलं?

फ्रेमडेटा:

शोधलं. नुसतं लुओंग.